रिपेवरचे ठिपके

काठीच्या टोकाला चुना होता. वाळलेला, पापुद्रे सुटलेला, बोटाच्या पेराएवढा. जोतीरामने काठी दारामागून काढली, उजेडात धरली आणि नखाने तो थोडा खरवडून पाहिला — कपडे वाळत घालायची काठी ही, कित्येक वर्षे इथेच उभी, हिच्या शेजारच्या खुंटीवरून आपण रोज सकाळी टोपी काढतो आणि वर्कशॉपला जातो, आणि हिच्या टोकाला चुना आहे हे आज दिसते आहे...

"आण्णाऽ, सापडली का काठी?" वरून आवाज आला. गुंडूने एक कौल बाजूला सारून त्या भोकातून तोंड आत घातले होते. गुंडू कोडोलीचा. दर मे महिन्यात कोल्हापुरात येऊन पेठेतल्या घरांची कौले परतून द्यायचा. ह्या घराची गेली बारा वर्षे तोच परतत होता. "सांगा आता, कुठं कुठं गळतंय? का समदंच उघडू?"

कुठे गळते? जोतीरामला सांगता येईना. तीस वर्षे तो उद्यमनगरात लेथवर काम करत होता. इंजिनाच्या दांड्यावर केसाएवढी चूक राहिली तर ती त्याच्या बोटाला आधी कळायची, मग मापाच्या हत्याराला. पण स्वतःच्या घरात पाणी कुठे पडते हे त्याला ठाऊक नव्हते. पावसाळ्यात घरभर भांडी मांडलेली असत, एवढे आठवत होते. परात, घंगाळ, एक चेपलेला पितळी डबा, आणि सकाळी चहा पिताना त्यांचे वेगवेगळे आवाज. पण कुठे मांडलेली? तो खाटेपासून दारापर्यंत चालत गेला, जसा पावसाळ्यातल्या सकाळी जायचा तसा, डोके रिकामे ठेवून. उंबऱ्याच्या अलीकडे त्याचा पाय आपोआप डावीकडे वळला. म्हणजे इथे परात. बाकीचे काही पायाला आठवेना.

"उंबऱ्यापाशी गळतं बहुतेक," तो म्हणाला.

"बहुतेक?" गुंडू हसला. "अवो, ठिपकं बघा की वर!"

"कसले ठिपके?"

"वैनीचं ठिपकं! काठी कशाला मागितली मी मग? पावसात पानी पडाय लागलं की वैनी काठीचं टोक चुन्यात बुडवायची आन् जिथनं पडतंय तिथल्या रिपेवर ठिपका द्यायची. उन्हाळ्यात मी आलो की काठीनं एकेक दावायची. कौल बदलून झालं की त्यावर कोळसा फासायची. पांढरं म्हंजी ऱ्हायलंय, काळं म्हंजी झालं. तुम्ही कवा बघितलंसा न्हाय व्हय? लेथवर मान खाली घालून घालून वर बघायचंच विसरलासा जनू."

जोतीरामने वर पाहिले.

काळपट लाकडी रिपांवर, कौलांच्या खाली, सगळीकडे ठिपके होते. त्याला ते आजवर दिसले नव्हते असे नाही. पालीची घाण असेल, भिंतीला सफेदी देताना उडालेले शिंतोडे असतील, असे काहीतरी धरून तो चालला होता. आता ते ओळीने दिसू लागले. बरेचसे काळे, कोळशाने पुसलेले. पांढरे चार. एक उंबऱ्यावर, एक स्वयंपाकघराच्या दारात, दोन माळ्याच्या बाजूला. गेल्या पावसाळ्यातले हे चार. पौषात तीन दिवसांच्या तापाने त्याची बायको ताना गेली, त्याच्या पाच-सहा महिने आधी तिने हे दिले. मान वर करून, टाचा उचलून, कारण तिची उंची बेताची... तेव्हा मी कुठे होतो? वर्कशॉपात. नाहीतर इथेच, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

शेजारच्या बाळाबाई चहा घेऊन आल्या. घरात बाई नाही, कामाच्या माणसाला चहा कोण देणार, म्हणून त्या सकाळपासून दोनदा येऊन गेल्या होत्या.

"गुंड्या, खाली ये, न्हाईतर गार हुईल," त्यांनी वर पाहून हाळी दिली, आणि जोतीरामच्या हातातल्या काठीकडे बघून म्हणाल्या, "तानाची काठी न्हवं ही? चुना माझ्या डबीतला न्यायची. देणार कवा, तर कवाच न्हाय!"

बाळाबाईंना ठाऊक असेल. दोघी दुपारभर ह्या उंबऱ्यावर बसायच्या. जोतीरामच्या ओठांवर प्रश्न आला, गेली दोन वर्षे त्याच्या पोटात होता तोच.

"बाळाबाई..."

"काय वो?"

त्याने चहाचा घोट घेतला. "चहात साखर जास्त झालीय."

"व्हय? मग उद्या बिनसाकरंचा आणते, कडूझार," म्हणून त्या गुंडूचा कप झाकून ठेवून गेल्या.

प्रश्न साधाच होता. ती स्वयंपाकघरात का झोपायची?

तो खाटेवर झोपायचा आणि ती खाटेशेजारी खाली, भिंतीलगत अंथरूण घालून. लग्नापासून तसेच. गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या साली, ज्येष्ठात, कबनूरहून निरोप आला की तिच्या आईचे जास्त आहे. तो बुधवार होता. वर्कशॉपात एका मोठ्या इंजिनाचे काम अडलेले, मालक डोक्यावर उभा, आणि तो म्हणाला, रविवारी जाऊ. तिने एकदा विचारले, "मी एकटी जाऊ?" तो म्हणाला, "चार दिवसांत काय होतंय?" शनिवारी आई गेली. कबनूर म्हणजे काय लांब आहे? एस.टी.ने तासाभराचा रस्ता. ती रडली ते तिकडे, माहेरी. इकडे आल्यावर एक अक्षर बोलली नाही. स्वयंपाक केला, डबा भरून दिला. आठ-दहा दिवसांनी आषाढ लागला आणि एका संध्याकाळी तिने आपले अंथरूण गुंडाळून स्वयंपाकघरात नेले.

तो समजला. समजायला काय अवघड होते? बोलून भांडण्यापेक्षा ही तऱ्हा तिला बरी वाटली असेल, निवेल राग तेव्हा येईल परत. आणि आश्विनात, पाऊस उघडल्यावर, ती परत आली. तोही काही बोलला नाही. वाटले, झाले, संपले. मग गेल्या वर्षी आषाढात पुन्हा तिचे अंथरूण आत गेले. जुनी दुखणी पावसात वर येतात, तसा हिचा राग वर येतो, असे त्याने ठरवून टाकले. आईला भेटू दिले नाही तो महिना आला की हिला ते सोसत नाही. तो खाटेवर पडून आतल्या खोलीतली तिची कूस बदललेली ऐकायचा. आणि मग पौष आला. तापात ती बरेच काही बोलली, दुधाचे, शेजारच्या मांजराचे... हे सोडून.

जोतीराम खाटेपाशी आला. भिंतीलगत, जिथे तिचे अंथरूण असायचे त्या जागेवर उभा राहिला. वर बघायला त्याला थोडा वेळ लागला.

ठिपका होता.

बरोबर डोक्यावर. गळत होते! म्हणजे ती गळते म्हणून गेली. राग नव्हता. पाऊस आला की गेली, पाऊस गेला की आली, जशी घरातली परात हलते तशी — आणि मी दोन वर्षे... त्याला हसू येऊ लागले होते, आणि तेवढ्यात लक्षात आले की ठिपका काळा आहे.

"गुंडू," तो ओरडला, "हा इथला, खाटेच्या वरचा, हा कधीचा?"

कौलांवर पावले वाजली. भोकातून तोंड आत आले. "त्यो? गेल्या उन्हाळ्यातला की."

"नक्की? दहा घरं करतोस तू."

"दहा न्हवं, चाळीस. पर ह्ये ध्यानात हाय. ह्ये कौल काढताना वैनीनं खाटेवर चादर घाटली आन् म्हनली, गुंडूभाऊ, माती पाडू नगा, आमचं मालक माती बघितली की भडकत्यात. म्हनली, गेला पावसाळा ह्या धारंनं मला लई छळलं बघा."

गेल्या उन्हाळ्यात. म्हणजे पहिला पावसाळा गळत होते. आणि दुसऱ्या पावसाळ्यात नवे कौल होते, कोळसा फासलेला होता, आणि तरी ती आत गेली.

तो खाटेच्या कडेवर बसला.

पहिल्या वर्षी ती चार महिने ओल्या भिंतीपासून उठून आत झोपली, आणि मी विचारले नाही. तिला काय वाटले असेल? ह्या माणसाला दिसतही नाही, असे? मी गप्प होतो ते मला दिसत होते म्हणून. मला वाटत होते की मला सगळे समजले आहे. मग दुसऱ्या वर्षी, कोरडी जागा सोडून, तिने तेच अंथरूण उचलले... विचारतो का बघायला? का खरेच तोवर राग आला होता, आईचा नव्हे, मी न विचारल्याचा? का नुसतीच सवय? तिकडे चूल असते, उबारा असतो. असेलही.

"आण्णा," वरून गुंडू म्हणाला, "त्यो काळा बी उघडून बघू का जरा? कौल बदललंय खरं, पर रीप नरम झालीया. पानी कुठनं कसं आत यील सांगता येत न्हाय. गेल्या सालीबी आलं आसंल. हातासरशी करून टाकतो."

जोतीरामने झटकन वर पाहिले. "गेल्या साली आलं असेल?"

"आसंल, नसंल. पांढरा ठिपका तर दिसंना. पर काळ्यावर पांढरं दिलंच आसंल असं तरी कशावरनं? पाऊसच सांगंल."

"मग राहू दे."

"आं?"

"तिथे हात लावू नकोस. बाकीचे चार कर."

"अवो, गळंल की!"

"गळू दे."

गुंडूने कपाळावर हात मारला. "घर परतायला बोलवायचं आन् एक भोक ठेव म्हनायचं! वा पावणं, ही कुठली रीत? उद्या पानी पडलं म्हंजी पेठ मला हसंल."

"मी सांगेन त्यांना. तू आपलं काम कर."

दुपारी गुंडू गेला. जोतीरामने चुलीतला एक कोळसा कुटला, फडके ओले करून काठीच्या टोकाला बांधले, त्यात कोळसा घेतला आणि एकेक करून चारही पांढरे ठिपके काळे केले. मान अवघडली. हे काम वाटते तेवढे सोपे नव्हते. काठी हलते, ठिपका हुकतो. ती हे कसे करत असेल, टाचा उचलून...

मग त्याने खाटेवरचे आपले अंथरूण काढले आणि खाली, भिंतीलगत घातले. चार वाजले होते. बाहेर ऊन होते, पण छपरातून उजेडाचा एक कणही आत येत नव्हता. गुंडूने काम चोख केले होते. मृगाला अजून तीन आठवडे. वळवाचे परवा नुसतेच गडगडून गेले.

त्याने पडल्या पडल्या, कोणी नाही हे पाहून, एकदा मोठ्याने म्हटले, "तिकडे का झोपतेस?"

एवढेच होते. खुंटीवरची टोपी काढायला ह्याहून जास्त वेळ लागतो.

पाऊस पडला आणि इथे गळले, तर ती दुसऱ्या वर्षीही पाण्यासाठीच गेली, असे धरता येईल. नाही गळले, तर... तो वर बघत राहिला. भरउन्हाळ्यात, नुकत्याच परतलेल्या छपराखाली, त्याला मनापासून वाटत होते की गळावे. घराचे काय व्हायचे ते होवो, पण गळावे.

त्याने एक डोळा मिटून ठिपक्याचा नेम घेतला, लेथवर काम लावताना घ्यायचा तसा, आणि उशी चार बोटे भिंतीकडे सरकवली. आता तो बरोबर कपाळावर आला.