हाताला लागलेली माती

पाहुण्या बाईंनी गोटी उलटी केली, तिची खालची बाजू जिभेच्या टोकाला लावली आणि डोळे मिटून घेतले.

"अहो, अहो!" काका खुर्चीतून अर्धवट उठले. "कुठं कुठं पडलेली असेल ती!"

बाईंनी बोट वर करून त्यांना थांबवलं. मग गोटी जिभेवरून सोडवून रुमालावर ठेवली. "चिकटली. भाजलेली माती ओल शोषते, म्हणून जिभेला धरते. दगडाची असती तर धरली नसती."

भट्टीतून नवी गोटी आली की आईही हेच करायची आणि जिभेला लोंबणारी गोटी दाखवून मला हसवायची.

आईला जाऊन महिना झाला होता. तिच्या सुईदोऱ्याच्या डब्यात तळाशी या गोट्या होत्या, बहुतेक तपकिरी, एखाददुसरी हिरवी. कपबशांचा कारखाना कधीच बंद पडला होता. आता मालकांची नातवंडं त्याच्या जुन्या ऑफिसात तिथल्या मालाचं दालन उभं करत होती, आणि वस्तू ओळखून त्यांची मांडणी करायचं काम या बाईंकडे होतं. काकांनीच त्यांना आमच्या घरी आणलं होतं. काका तिथले मुकादम होते. "वहिनींच्या गोट्या काचेच्या कपाटात राहतील," ते मला म्हणाले होते. "नाहीतर तुझ्या मागं कोण सांभाळणार?"

बाईंनी पिशवीतून आणखी एक गोटी काढली. "ही कारखान्याची, ते विकायला गोट्याही काढायचे. साच्यातली आहे, पोटाभोवती शिवण दिसते बघा. भट्टीत तीन टोकांवर ठेवायचे, म्हणून हे तीन ठिपके." मग त्यांनी आईची गोटी तिच्या शेजारी ठेवली. ती जरा घरंगळली आणि एका कुशीवर थांबली. "हिला शिवण नाही, ठिपके नाहीत. धड गोलही नाही, तळहातांवर वळलेली आहे. भट्टीतल्या फळीला चिकटू नये म्हणून खालची झिलई ओली असताना पुसून काढलीय. बहुतेक अंगठ्यानं."

मी गोटी उचलली आणि त्या कोऱ्या जागेवर अंगठा टेकवला. जागा शिल्लक उरली. आईचा अंगठा रुंद होता.

"गंमत अशी की माती मात्र कारखान्याचीच आहे. हा टवका बघा, आतून पांढरीशुभ्र. मग वळल्या कोणी?"

काकांनी घसा साफ केला. "असेल कोणी कामगार. तुम्ही आपलं 'कारखान्याचा माल' असं लिहा. तिथलीच माती, तिथलीच भट्टी. खोटं काय त्यात?"

माझ्याकडे न बघता ते हे बोलले, आणि त्यांनी बाईंना इथवर का आणलं ते मला कळलं. काचेच्या कपाटात, मालकांच्या नावाखाली, आईला गुपचूप परत कामावर घ्यायचं होतं त्यांना.

आई कपांना कान लावायची. ओल्या कपाला ओला कान, मध्ये मातीची लापशी. दिवसभरात हात कोपरापर्यंत पांढरे व्हायचे. सुटताना फाटकाजवळच्या हौदात हात धुवायचे, असा नियम होता, कारण हौदात बसलेली माती उपसून पुन्हा वापरायची असे. आई हौद चुकवून निघायची. घरी घमेल्यात हात धुवायची, पाणी निवळू द्यायची आणि तळाशी बसलेल्या मातीच्या गोट्या वळायची. त्या सुकल्या की पदरात बांधून कामावर न्यायची, फेकायच्या झिलईत बुडवायची. भट्टीवाला त्या कपांच्या मधल्या फटींत बसवून द्यायचा. "कपांची पिल्लं आली," म्हणायचा.

तिला अडवलं त्या दिवशी मी शाळेतून थेट फाटकावर गेले होते. पहारेकरी आडवा उभा होता. त्याच्या मागं मॅनेजर, आणि जरा बाजूला, मान खाली घालून, काका.

"बाई, हात धुऊन जा," मॅनेजर म्हणाला.

"घरी धुवीन."

"ती माती कारखान्याची आहे."

"हात माझे आहेत," आई म्हणाली.

"वहिनी, घ्या धुऊन," काका हळूच म्हणाले. "कशाला तमाशा?"

सगळी पाळी थांबून बघत होती. आईनं दोन्ही हात पुढं केले, पंजे उघडले. पांढरे, वाळून तडकलेले. "दिवसभर कान तुमचे चिकटवते. मला जेवढं चिकटतं तेवढं घरी नेते. काढा खरवडून, हिंमत असेल तर." कोणी पुढं आलं नाही. ती तशीच निघाली. एका हातानं तिनं माझा हात धरला होता, आणि घरी पोचेपर्यंत माझाही पंजा पांढरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सांगून पाठवलं, सगळ्यांसमोर हात धुवा, चुकले म्हणा आणि कामावर या. आई गेली नाही. 'चोरीबद्दल कमी केले' असा कागद फळ्यावर लागला. पुढं हात थकेपर्यंत ती इस्पितळाच्या धुलाईत चादरी धूत राहिली. ज्या बाईनं आयुष्यभर जगाचं धुतलं, तिनं एक संध्याकाळ धुवायचं नाकारलं होतं.

"माझ्या आईनं वळल्या," मी बाईंना म्हणाले आणि हे सगळं सांगितलं.

बाईंनी पेनचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही. "दालन मालकांच्या घरचं आहे. असं लिहिलेलं त्यांना चालेलच, हे मी सांगू शकत नाही."

"मग गोट्या इथंच राहतील."

"अगं, कशाला गाडलेली मढी उकरायची?" काका म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचाच चेहरा पडला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "चोरीचं नाव नको गं घराला. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी."

"आईनं मूठ झाकली नव्हती, काका. तुम्ही होतात तिथं."

काकांनी खिशातला रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला.

"सांगा," बाई म्हणाल्या. "तुमच्या शब्दांत लिहिते. मालकांशी मी बोलेन. नाहीच जमलं, तर डबा स्वतः परत आणून देईन."

मी सांगितलं, "कपांना कान लावणाऱ्या कामगार बाईनं हाताला लागलेल्या मातीच्या वळलेल्या गोट्या. हात धुतले नाहीत म्हणून तिला कामावरून काढलं."

"तिचं नाव?"

मी नाव सांगितलं. काकांनी मान हलवली, लहानपणी माझा पाढा बरोबर आला की हलवायचे तशी.

मग मी मोरीवरच्या फळीवरून आईचं ते घमेलं आणलं. तळाशी पांढरा थर, कडेनं पाणी निवळत गेल्याच्या पांढऱ्या रेघा. आई असताना त्यात दुसरं काही भिजवायची सोय नव्हती. "गोट्या ठेवायच्या तर यात ठेवा," मी म्हणाले.

बाईंनी कडेवरून बोट फिरवलं. "सुंदर आहे. तिकडं नेऊन नीट स्वच्छ करून घेऊ."

"धुवायचं नाही," काका म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले होते. त्यांनी घमेलं माझ्या हातातून घेतलं, पोटाशी धरलं आणि बाईंच्या गाडीपर्यंत स्वतः चालत नेलं. परत आले तेव्हा त्यांच्या इस्त्रीच्या काळ्या कोटावर पांढरा पट्टा उमटला होता.

"काका, कोट," मी म्हणाले.

"असू दे," ते म्हणाले, आणि तसेच रस्त्यानं घरी गेले.