गुडघ्याचं माप

"काका, वाईट वाटून घेऊ नका, पण हे परत न्या." लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानातल्या बाईंनी पुठ्ठ्याचं खोकं पुढे सरकवलं. "काल एका बाळाच्या आईनं चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं मला. म्हणाली, हा हेअरबँड आहे की डोळ्यांवर बांधायची पट्टी?"

खोक्यात क्रोशानं विणलेले बावीस हेअरबँड होते. पिवळे, पांढरे, फिके गुलाबी, प्रत्येकावर एका बाजूला पाच पाकळ्यांचं फूल. काटेवाल्यांची बायको जाऊन दोन महिने झाले होते. तिच्या हातचं दुकानात एवढंच उरलं होतं.

"आमच्या सासूबाई असल्यापासून काकूंचं काम डोळे मिटून घेत आलो आम्ही," बाई म्हणाल्या. "शेवटी शेवटी हात गेला त्यांचा. आजारी माणसाला कोण काय बोलणार?"

काटेवाले काहीतरी सांगायला गेले, पण तोंडातून नुसतं "हं" निघालं. खोकं काखेत मारून, उजवा पाय ओढत ते पायऱ्या उतरले.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले, म्हणून ते नाव चिकटलं. एखादा काटा पाच ग्रॅम खोटं बोलला तरी त्यांना कळायचं. घरात मात्र एक माप खोटं निघालं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

मुलगी वर्षाची होत आली तेव्हाची गोष्ट. बायको तिच्यासाठी पहिला हेअरबँड विणत होती आणि पोर काही केल्या डोकं स्थिर ठेवेना. काटेवाले शेजारीच पाय दुमडून पेपर वाचत बसले होते. बायकोनं वैतागून तो हेअरबँड त्यांच्या गुडघ्यावर चढवला, मग काढून पोरीच्या डोक्यावर. अगदी बेताचा बसला.

"अहो, तुमची अक्कल गुडघ्यात आहे म्हणतात ना, ते खरं दिसतंय," ती हसत म्हणाली. "बघा, डोक्याएवढाच आहे!"

तेव्हापासून तेच माप. टेप घरात होती, पण ती शिवणाच्या डब्यात तळाशी. विणता विणता ती मान वर न करता "पाय" म्हणायची, की हे पाय दुमडायचे. ती पट्टी चढवायची, दोन बोटं आत घालून बघायची आणि स्वतःच काढून न्यायची. गावभरच्या बाळांची डोकी अशी काटेवाल्यांच्या गुडघ्यावरून गेली.

दीड वर्षापूर्वी तो गुडघा सुजू लागला. त्याच सुमारास बायकोचे रिपोर्ट आले. घरात एक आजारी पुरे, असं ठरवून काटेवाले बाथरूमला कडी लावून गुडघा शेकायचे आणि बाहेर सैल पायजमा घालून बसायचे. मग तक्रारी सुरू झाल्या. टोप्या सैल, हेअरबँड नाकावर. बायकोनं बारीक सुई घेतली, टाके घट्ट घातले. पण माप गुडघ्याचंच. तिथवर पोचायला चार टाके वाढवावेच लागायचे.

"अहो, माझा हात बिघडला," ती म्हणायची आणि तळहात उलटसुलट करून बघायची.

एका दुपारी ती झोपलेली असताना त्यांनी टेप काढून गुडघा मोजला. दीड इंच जास्त. सांगितलं, तर ही स्वतःचं औषधपाणी सोडून आपल्याला डॉक्टरकडे ओढत नेणार. सांगू उद्या. उद्या उद्या म्हणता तिनंच एक दिवस सुई डब्यात घातली आणि झाकण लावलं. पुढे हॉस्पिटल. मग सांगायला कोणी उरलंच नाही.

घरी मुलगी आईचं कपाट आवरत होती. दोन दिवसांसाठी आली होती.

"परत दिले ना? वाटलंच मला," ती म्हणाली. "असू दे बाबा. उसवू या. लोकर तरी कामाला येईल."

तिनं एक पिवळा हेअरबँड उचलला, शेवटची गाठ कापली आणि ओढलं. क्रोशाचं काम ते, सरसर सुटत गेलं.

"थांब!"

"अहो, कोण घालणार हे? हात गेलाच होता आईचा. फोनवर रडायची माझ्याजवळ."

"रडायची?"

"तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."

काटेवाले खुर्चीत बसले. मग त्यांनी खोकं टेबलावर पालथं केलं. "एकावर एक ठेव सगळे. कडेला कड लावून."

मुलीनं ठेवले. एकवीसच्या एकवीस सारखे. सुताचा फरक नाही.

"हात बिघडला असता तर एक सैल झाला असता, एक घट्ट," ते म्हणाले. "काटा कधी कमी, कधी जास्त दाखवायला लागला की समजावं, काटा बिघडला. पण दर वेळी चूक तेवढीच येत असेल, तर काट्याला बोल लावू नये. वजन तपासावं."

"म्हणजे? मला नाही कळलं."

त्यांनी पायजमा वर केला. गुडघा टम्म सुजलेला होता.

"कधीपासून आहे हे?"

"तिचे रिपोर्ट आले तेव्हापासून."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"आणि यामुळे होतंय, हे तुम्हाला?"

काटेवाल्यांनी खाली बघितलं. "होतं."

"मग एक शब्द बोलायचा होता, बाबा! एक! ती स्वतःच्या हातांना शिव्या देत गेली!"

ती स्वयंपाकघरात निघून गेली. नळ बराच वेळ चालू होता. परत आली तेव्हा तिच्या हातात आईचा डबा होता.

"उद्या दुकानात जाऊन सांगायचं. तुमच्या तोंडानं."

"सांगतो."

"आणि तिथूनच डॉक्टरकडे."

तिनं डब्यातून सुई काढली, उसवलेल्या पिवळ्या दोऱ्याचं टोक शोधलं आणि विणायला बसली. आईनं लहानपणी शिकवलेलं अर्धंमुर्धं आठवत, चुकत, पुन्हा उसवत.

काटेवाल्यांनी ढिगातला वरचा हेअरबँड घेतला. दात आवळून पाय दुमडला आणि तो गुडघ्यावर चढवला. बेताचा बसला. सैल नाही, घट्ट नाही. आजवर त्यांनी एकही स्वतः काढला नव्हता, विणणारीच काढून न्यायची. मुलीची मान सुईवर वाकलेली होती. पायाला कळ लागली, तरी तो तसाच दुमडून ते बसून राहिले.