अंबिकाबाईसाहेबांचा पाचवा फोटो

एकनाथरावांनी पाचही फोटो टेबलावर मांडले आणि शेवटचा उचलून पालथा घातला. "हा नको, वहिनी."

फोटो त्यांच्या पणजीचे, अंबिकाबाईसाहेबांचे. निजामाच्या राज्यात घराण्याची मराठवाड्यात जहागीर होती. बाई पडद्यातल्या, म्हणून हैदराबादेत एका मडमेच्या स्टुडिओत काढलेले. आता तिथल्याच काचीगुड्याच्या मराठी मंडळात त्यांचं प्रदर्शन भरायचं होतं. चार फोटोंत बाई दागिन्यांनी वाकलेल्या, नजर खाली. पाचव्यात मात्र खुर्चीत ताठ, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि शेजारच्या तिवईवर नवऱ्याची हार घातलेली तसबीर.

"नवरा गेल्यावर नटून फोटो काढवला, हे चारचौघांत दाखवायचं?"

रंजनाचा नवरा, एकनाथरावांचा थोरला भाऊ, जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरच्या कार्यात "वहिनी, तुम्ही जरा मागे बसा" हे तिने कितीदा तरी ऐकलं होतं, आणि मुकाट्याने बसलीही होती.

मग एकनाथरावांनीच तोड काढली. तसबीर पुसून टाकायची, म्हणजे बाई सवाष्ण!

दोन दिवसांनी रंजना मोठे प्रिंट आणायला सुलतान बाजारात गेली. दुकानदार रशीदभाईंच्या कॉम्प्युटरवर तसबिरीचा हार अर्धा पुसला गेला होता. शेजारी बाई नुसत्याच लग्नाला निघाल्यासारख्या दिसत होत्या. रंजनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"साब बोले थे, बाजू का फोटू निकाल देना," रशीदभाई म्हणाले.

"नक्को, भाई. जैसा था वैसाच रखो. और बडा बनाओ, सबसे बडा."

उद्घाटनाला माणसं जमली. समोरच्या भिंतीवर तो फोटो पाहून एकनाथराव तरातरा रंजनापाशी आले.

"हे कुणाला विचारून लावलंत?"

"कुणाला विचारायचं, भावोजी? फोटो आमच्या ह्यांच्या पेटीतले. मीच तुम्हाला दिले."

"उतरवा तो."

"मी नाही उतरवणार. तुम्हाला लाज वाटत असेल तर तुम्ही उतरवा. ह्या सगळ्यांच्या देखत."

फोटोसमोरून ती हलली नाही. एकनाथरावांची मुलगी श्रुती इंग्रजी शाळेत शिकलेली. ती पुढे होऊन फोटोखालची ओळ अडखळत वाचू लागली, "पती... निवर्तल्यावर काढवून घेतलेला फोटो. पुढे जहागिरीचा कारभार... यांनीच पाहिला." ती वळली. "बाबा, ही आपली पणजी? तुम्ही मला कधीच का नाही सांगितलं?"

"तुझ्या बाबांची पणजी," रंजना म्हणाली. "तुझी खापरपणजी."

एकनाथराव चपला घालून निघून गेले. माणसं मात्र फोटोभोवती दाटली.

त्यानंतर ते रंजनाकडे फिरकले नाहीत, आणि तिनेही बोलावणं धाडलं नाही. प्रदर्शन संपल्यावर चार फोटो तिने श्रुतीबरोबर त्यांच्या घरी पाठवून दिले. पाचवा नल्लकुंट्याला आपल्या घरी नेला आणि दार उघडताच दिसेल असा बाहेरच्या खोलीत लावला.