सऱ्यांची दुसरी बाजू

माझी ताई मातीवर मायक्रोवेव्ह लहरी सोडते आणि त्यातल्या परत किती येतात ते मोजते. ओली माती जास्त परत पाठवते, कोरडी कमी. म्हणजे उपग्रहाला वरूनच शेताची ओल कळायला हवी. एवढं डोक्यात शिरायला मला वर्ष लागलं. मी तिचा क्रेनवाला, तिचा अँटेना उंच धरतो. धातूवरूनही लहरी परत येतात, म्हणून मोजणीआधी ती माझ्या खिशातल्या किल्ल्यासुद्धा काढून घेते. सख्ख्या भावाचीही गय नाही!

त्या दिवशी समिती आली होती. ताईचं यंत्र उपग्रहावर बसवायचं की नाही, ते तिथेच ठरणार होतं. नांगरलेल्या तुकड्यावरचे आकडे तिच्या हिशेबाशी तंतोतंत जुळले. ताईच्या साहेबांची कळी खुलली. अध्यक्षबाई सहीसाठी पर्समध्ये पेन शोधू लागल्या.

आणि ताई मला म्हणते, "क्रेन त्या बाजूला घे."

"आत्ता? अगं, सगळं जमलंय ना?"

"आपण दर वेळी इथूनच मोजलंय. इथून नांगराच्या सऱ्या आडव्या आहेत. तिकडून उभ्या होतील."

मी तोंड वाकडं केलं, पण क्रेन नेली. तिकडून तीच माती, तीच ओल, आणि आकडा धाडकन खाली आला. पायऱ्यांवर आपटलेला चेंडू उलटा यावा, तशा आडव्या सऱ्याच लहरी परत फेकत होत्या. आजवर मोजलेल्यात ओल किती आणि सऱ्या किती, कोणास ठाऊक!

"आजच सुचायचं होतं का हे?" साहेब खेकसले.

"सर, उपग्रह कुठल्याही बाजूने येईल. त्याच्यासाठी लोक शेतातल्या सऱ्या फिरवून देणार आहेत का?"

"मग या वेळी नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. गाड्या निघून गेल्या.

मला तिचा भयंकर राग आला होता. मी असतो तर तोंडाला कुलूप लावून बसलो असतो. आणि तितकाच तिचा अभिमानही वाटत होता. ताई क्रेनच्या केबिनमध्ये येऊन बसली आणि हमसून हमसून रडली. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने तोंड धुतलं आणि खाली उतरली.

"माती ओली आहे तोवर तिरक्या बाजूनेही मोजून घेऊ."

"आता कोणाला दाखवायचंय, ताई?"

"कोणाला नाही. मला कळायला हवं."

मी क्रेन सुरू केली.