सुईणीचं मौन

माघातली प्रभात. बालाघाटाच्या उतारावर करडई फुलली होती: पीतवर्णा, केशरकांती, कंटकांच्या कुशीत जपलेली. दवाने जडावलेल्या त्या सुवर्णसागराकाठी केवळाबाई बांधावर उभी होती, आणि तिच्या पायावरून रक्ताची एक उष्ण रेघ ओघळली.

बारा वर्षांपूर्वी पाळी गेलेल्या देहातून ओघळलेलं ते रक्त. अवेळीचं. अनाहूत.

केवळाबाई सुईण होती. तीस वर्षं पंचक्रोशीतलं प्रत्येक बाळ आधी तिच्या तळहातांत उतरलं, मग आईच्या कुशीत गेलं. साऱ्या गावाचे देह जाणणारी ती, स्वतःच्या देहापाशी मात्र मूक झाली. तिने रक्त पुसलं. फडकं धुतलं. ओल्या लुगड्याखाली झाकून वाळत घातलं.

चैत्र गेला, ज्येष्ठ गेला, भाद्रपद ओसरला. फडकी वाढली, गाल बसले. ती लाजेने मूक, भयाने मूक.

आश्विनात वाऱ्याने लुगडं उडालं, आणि खालची डागाळलेली फडकी पाहून सून अलका कुंपणापाशी थबकली.

"आत्याबाई, हे कशाचं?"

"म्हातारपणाचं असतंय, बाई."

अलकाने सासूचा हात धरला. "दुसऱ्या कुणा बाईचं असतं, तर तिला काय म्हणला असता तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी दोघी शहराच्या गाडीत बसल्या.

दवाखान्याच्या शुभ्र भिंती, शुभ्र प्रकाश, शुभ्र अबोला. शेकडो जणींना धीर देत जिने निजवलं, ती आज स्वतः निजली. छताकडे पाहत, ओठ मिटून. बायकांच्या कर्करोगावरच उपचार करणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईंचा हात हळुवार होता. गर्भपिशवीच्या तोंडाचा छोटा तुकडा काढून तपासायला गेला. आठ दिवसांनी उत्तर आलं.

"आजी, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. आजूबाजूला पसरलाय, म्हणून ऑपरेशन नाही करता येणार. यंत्राखाली किरणांचा शेक देऊ, सलाईनमधून औषध देऊ. आठ महिने आधी आला असतात, तर..."

"पुरं करा की, बाई."

डॉक्टरीणबाईंनी नजर वळवली नाही. "तर बरं व्हायची आशा खूप मोठी होती."

खिडकीबाहेर कावळा ओरडला. केवळाबाईने पदराने कपाळ टिपलं, आणि सुनेकडे बोट केलं.

"हिच्या अंगावरनं दोन वर्षं पांढरं जातंय. आधी हिला बघा."

अलकाच्या तपासणीत बदललेल्या पेशी सापडल्या. अजून कर्करोग नव्हे, त्याची चाहूल. छोट्याशा उपचाराने तेवढा भाग काढला गेला. संध्याकाळी ती स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. त्या क्षणी, केवळ त्या क्षणी, केवळाबाई हुंदका देऊन रडली.

पंचवीस वेळा ती शेकाच्या यंत्राखाली निजली. देह काळवंडला, केस विरळले, रक्त थांबलं. एक वर्ष शांत गेलं: दान मिळालेलं, निळं, निरभ्र वर्ष. पुढल्या श्रावणात कंबरेत कळ उठली, आणि जुना शत्रू परतला.

मग तिने मौन टाकलं. दारात बाज टाकून बसली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला, पुरुषांदेखत, उंच आवाजात विचारू लागली: "पाळी गेल्यावर रक्त दिसतंय का? मधेच जातंय का? लाजू नको. मी लाजले."

बायका आधी पदरात तोंड लपवत. मग पुन्हा येत. एकेकट्या. कानाशी वाकून कुजबुजत.

मार्गशीर्ष तिने पाहिला नाही. परंतु कार्तिकातल्या एका सोनसळी सकाळी अकरा बायका शहरात तपासणीला जायला दारासमोरच्या गाडीच्या थांब्यावर जमल्या: जांभळी लुगडी, हिरवी लुगडी, हातांत भाकरीची गाठोडी, पुढे अलका. बाजेवर उशीला टेकलेली केवळाबाई एकेकीला चढताना पाहत होती. तिच्यासाठी आता कुठलीच गाडी उरली नव्हती.

गाडी हलली. धूळ उठली, धूळ तरंगली, धूळ हलकेच खाली बसली. आणि मागे उरला रस्ता, उन्हाने न्हालेला, लांबच लांब, मोकळा.