नवीन लोकांसाठी गाडी

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे. हे चर्चचे पाळक, म्हणून लोक त्याला सेवा म्हणतात. मी बायको, मी भिंगरीच म्हणते. मंडळी म्हणाल तर जेमतेम चार बाकं भरतील एवढी. त्यातलं एक माणूस गायब, आणि हे निघाले कारखान्यामागच्या नव्या वसाहतीत दारं ठोठावायला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायचा ह्यांना कधी कंटाळा आला नाही.

गायब माणूस म्हणजे टेलरमावशी. दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसायच्या, उपासनेत माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत गायच्या आणि बाहेर आल्यावर माझ्या कपड्यांची शिलाई उलटून बघायच्या. त्या पडल्या आणि लेकीनं त्यांना आपल्याकडे नेलं, एवढंच शेजारणीकडून कळलं. लेक कुठे राहते ते कुणालाच ठाऊक नाही, मावशींचा फोन बंद. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भांडी घासताना, झाडताना, प्रार्थनेला डोळे मिटले तरी त्याच समोर. आधी त्यांना शोधा, म्हणून मी ह्यांचं डोकं खात होते. हे म्हणत, लेकीकडे आहेत म्हणजे सुखातच असतील. ज्यांना कुणीच नाही त्यांच्याकडे कोण जाणार? तेही खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग यायचा.

त्या रविवारी दुपारी घरात बसवेना, म्हणून मीही सोबत गेले. शेवटच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एका माणसानं दार उघडलं. ह्यांनी पत्रक पुढे केलं आणि सुरू झाले. चर्च लहान आहे, पण घरच्यासारखं आहे. तिथे कुणी एकटं पडत नाही. शिवाय नवीन येणाऱ्यांसाठी रविवारी गाडी असते, थेट दारात. मी जिन्याच्या कठड्यावर बोटं आपटत उभी होते.

तेवढ्यात आतून आवाज आला, "जावईबापू, त्यांना आत घ्या. ते माझे पाळकसाहेब आहेत."

मी चपला न काढताच आत धावले. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, समोर वॉकर, अंगावर ठेवणीतले कपडे. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. जावई ओशाळून सांगू लागला, की दर रविवारी सकाळी त्या अशाच तयार होऊन बसतात आणि संध्याकाळपर्यंत कपडे बदलत नाहीत. सकाळी त्याची नि बायकोची ड्यूटी असते, नेणार कोण?

हे अजून दारातच होते. म्हणाले, निरोप तरी पाठवायचा होता.

"गेल्या रविवारी खालच्या मजल्यावर तुमचा आवाज आला होता," मावशी म्हणाल्या. "वाटलं, येतील वर."

त्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. मग त्यांनी जावयाच्या हातातलं पत्रक घेतलं, लांब धरून वाचलं.

"पाळकसाहेब, मी नवीन म्हणून नाव दिलं, तर मला गाडी येईल?"

ह्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला बायबलमधलं एक वचन तयार असतं. त्या दिवशी ह्यांनी दारात चपला काढल्या. गाडी एकच, आणि तीही या वसाहतीतल्या माणसांनी भरलेली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी हे आत आले आणि त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसले.

"येत्या रविवारी मी स्वतः येतो न्यायला."

"आणि त्याच्या पुढच्या?" मावशींनी विचारलं.