वरीलप्रमाणे

आमच्या विभागीय महाविद्यालयीन ग्रंथपाल संघटनेचा वार्षिक अहवाल गेली सहा वर्षं मीच लिहिते. सचिव म्हणजे सगळ्यांचा चहा झाला की कप मोजणारी बाई. अहवाल सभासदांना पाठ असतो: पुस्तकदुरुस्तीची कार्यशाळा झाली, नव्या ग्रंथपालांसाठी शिबिर झालं, एक व्याख्यान झालं आणि वक्ते वेळेत थांबले नाहीत. यंदाचा अहवाल मात्र मी चार वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. त्यातल्या एका वाक्यावर माझ्या ताईची नोकरी अडकली होती.

ताई माझी सख्खी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. नदीपलीकडच्या लहानशा कॉलेजात ग्रंथपाल, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तिचं बघूनच मी या धंद्यात आले. पुस्तक कपाटातून काढताना कण्याच्या टोकाला बोट घालून ओढायचं नाही, मधोमध धरायचं, हे मला तिनं मी दुसरीत असताना शिकवलं होतं.

यंदा जानेवारीत संघटनेनं मोठा घाट घातला. तेवीस ग्रंथालयांतल्या जुन्या नियतकालिकांची एकच संयुक्त सूची करायची. प्रत्येक नियतकालिकासमोर ते जपणाऱ्या एकाच ग्रंथालयाचं नाव द्यायचं, म्हणजे बाकीच्यांनी आपली प्रत बाद करून जागा मोकळी करायला हरकत नाही. कल्पना अध्यक्षांची. त्यांना आम्ही पाठीमागे वर्गांक सर म्हणतो, कारण मुलीच्या लग्नाची गोष्ट निघाली तरी ते आधी त्या विषयाचा वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर घालतात तो आकडा, सांगतात. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मीही हौसेनं घेतलं, उगाच खोटं कशाला बोलू?

जूनपर्यंत तेवीस याद्या आल्या, बहुतेक हातानं लिहिलेल्या. तीनचार याद्यांत फक्त पहिल्या ओळीत कॉलेजचं नाव आणि त्याखाली प्रत्येक ओळीत 'वरीलप्रमाणे'. आम्हा ग्रंथपालांची ही जुनी सवय. हात वाचतो. मी सगळं जसंच्या तसं संगणकावर उतरवलं, एकाखाली एक. दुबार नोंदी काढल्या, ज्याच्याकडे जास्त खंड त्याची ठेवली. मग एक बटण दाबून सगळी यादी अकारविल्हे लावली. दोन हजारांवर ओळी एका क्षणात आपापल्या जागी जाऊन बसल्या. मला इतका आनंद झाला की मी उठून खिडकी उघडली.

सप्टेंबरमध्ये सूचीचं प्रकाशन झालं. वर्गांक सरांनी भाषणात माझं नाव तीनदा घेतलं. ताई दुसऱ्या रांगेत बसली होती आणि शेजारणीला सांगत होती, धाकटी आहे माझी.

नोव्हेंबरात एक संशोधक बाई माझ्या ग्रंथालयात आल्या. त्यांना 'पाण्याची पत्रिका' हवी होती. या भागातल्या विहिरी आणि झरे दर महिन्याला मोजून कुणी शिक्षक मंडळी एकेचाळीस वर्षं ती काढत होती. ती बंद पडली, माणसंही गेली. मी ऐटीत सूची उघडली, कृषी महाविद्यालयाचं नाव दाखवलं आणि बाईंना तिकडे पाठवलं. त्या दुपारी परत आल्या. तिथल्या ग्रंथपालांनी हे नावही ऐकलं नव्हतं.

मी पुन्हा ओळ पाहिली. 'पाण्याची पत्रिका, खंड १ ते ४१, वरीलप्रमाणे.' वरच्या ओळीत होतं पशुपालनाचं एक मासिक, कृषी महाविद्यालयाचं. ताईच्या यादीत याच्या वर ताईचं कॉलेज होतं. मी बटण दाबलं तेव्हा ओळी हलल्या आणि 'वरीलप्रमाणे' नव्या शेजाऱ्याचं झालं. पुढची पानं उलटली. तीनशेहून जास्त ओळी अशाच, भलत्याच घरी नांदत होत्या.

मी ताईला फोन केला. संगणकखोलीसाठी जागा हवी म्हणून प्राचार्यांनी तगादा लावला होता, आणि तेवीस जणांत ताई एकटीच इतकी आज्ञाधारक, की तिनं सूची पाहून कपाट रिकामं केलं होतं.

"पत्रिका ना? सोमवारी रद्दीत गेली," ती म्हणाली. "कृषीवाल्यांकडे पूर्ण संच आहे म्हणून."

"त्यांना एक फोन करून विचारायचं होतंस."

"यादी तू केलेली. फोन कशाला करायचा?"

मी रद्दीवाल्याकडे धावले. गठ्ठे कागद कारखान्यात गेले होते. दरवाजा वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्यानं सहा खंड लावून ठेवले होते, तेवढे मिळाले. घरी येऊन मी सर्व ग्रंथालयांना कळवलं की सूचीत तांत्रिक दोष आढळला आहे, काहीही बाद करू नये. तांत्रिक दोष! कसला तांत्रिक? यंत्रानं मी सांगितलं तेवढंच केलं होतं. पण 'माझी चूक' हे दोन शब्द हातून उतरेनात. ताईलाही सांगितलं नाही. उलट तीच मला म्हणाली, जिवाला लावून घेऊ नकोस.

आठवड्यात ताईला नोटीस आली. बाद करण्यापूर्वी खातरजमा का केली नाही? प्राचार्यांनी संघटनेचं लेखी मत मागवलं. सूची सदोष होती असं संघटना म्हणाली तर ताकीद देऊन प्रकरण मिटणार होतं. नाही तर निलंबन आणि चौकशी, निवृत्तीच्या तोंडावर.

वर्गांक सरांनी मला बोलावून घेतलं आणि अहवालात आणि प्राचार्यांना द्यायच्या मतात घालायचं वाक्य स्वतः सांगितलं: सूची केवळ मार्गदर्शक होती, संबंधित ग्रंथपालांनी खातरजमा करणं अपेक्षित होतं. माणूस वाईट नाही. सूचीवर डाग पडला तर पुढे एकही कॉलेज यादी देणार नाही, नऊ महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल, हे त्यांना खरंच वाटत होतं. मीही मान हलवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मीच. त्या दिवशी मला स्वतःची जितकी किळस आली तितकी कधीच आली नव्हती.

वार्षिक सभा आमच्याच वाचनकक्षात झाली. साठेक माणसं होती, ताई खिडकीजवळ. मी कार्यशाळा वाचली, शिबिर वाचलं, व्याख्यान वाचलं. सूचीचा परिच्छेद आला. सरांचं वाक्य समोर टाइप केलेलं होतं. ताईकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती, शाळेच्या स्नेहसंमेलनात मी कविता म्हणायचे तेव्हा बसायची तशी.

मी कागद पालथा घातला.

"सूची चुकीची होती," मी म्हणाले. "'वरीलप्रमाणे' तसंच ठेवून मी ओळी हलवल्या. पत्रिका माझ्यामुळे गेली. ताईंनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला."

मग कृषीचे ग्रंथपाल उठले आणि म्हणाले, यापुढे कोणत्याही यादीत 'वरीलप्रमाणे' लिहू नये असा ठराव करा. ठराव एकमतानं झाला. वर्गांक सर मान खाली घालून इतिवृत्तात तो लिहीत होते, त्यांचे कान लाल झाले होते. प्राचार्यांना पाठवायचं मत तिथेच तयार झालं. चूक कोणाची, या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं, सही केली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

ताई उठून टेबलापाशी आली. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली काहीतरी लिहू लागली. मी तिचा हात धरला. तुला सोडवायला मी हे केलं आणि तू परत अडकतेस कशाला, असं मी दबक्या आवाजात, पण चांगलीच चिडून विचारलं.

"तू चुकलीस ते मला तुझ्या फोननंतर सूचीतली ती ओळ परत पाहिली तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तू कधी सांगतेस याची वाट बघत होते. पण मी फोन केला नव्हता, तेही खरंच आहे ना?"

तिनं हात सोडवून घेतला, आपलं नाव आणि त्यापुढे एकच शब्द लिहिला आणि कागद सरांपुढे सरकवला. सरांनी चष्मा वर केला.

"अहो, आत्ताच ठराव झाला. 'वरीलप्रमाणे' चालणार नाही."

"ठराव यादीसाठी आहे, सर," ताई म्हणाली. "या दोन ओळी कोणी हलवणार नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि शिक्का मारला.